नायरा आणि युआन : सात वर्षांच्या हिशेबाला दर कोणता लावायचा?

पार्श्वभूमी

नायजेरियातल्या लेगोस बेटावरच्या इदुमोता बाजारात स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे घाऊक दुकान. मालक पन्नाशीतले. त्यांच्याच दुकानात काही वर्षे उमेदवारी करून, इग्बो व्यापाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे शेवटी भांडवल हातात घेऊन बाहेर पडलेला एक तरुण चीनमधल्या ग्वांगझूत स्थायिक झालेला. एप्रिल २०१७ मध्ये दोघांनी भागीदारी केली. मालकांनी लेगोसहून नायरा, म्हणजे नायजेरियाचे चलन, पाठवायचे. तरुणाने चाओझोउच्या कारखान्यांतून स्टीलची भांडी आणि यिवूच्या बाजारातून प्लास्टिकचे डबे, काचेचे ग्लास घेऊन कंटेनर भरायचा. नफा निम्मा-निम्मा.

करार तोंडी होता. लेगोसची वही नायरात, ग्वांगझूची वही युआनमध्ये. किती नायरा गेले ते एका वहीत, किती युआन आले ते दुसऱ्या वहीत. एकाला दुसऱ्याशी जोडणारा दर कुठल्याच वहीत लिहिलेला नव्हता. तो फोनवर ठरायचा आणि फोनबरोबर विसरला जायचा.

मार्च २०२४ मध्ये दोघे वेगळे व्हायचे ठरले. तोवर ९४ वेळा मिळून ५५ कोटी नायरा लेगोसहून गेले होते. मेळ घालण्यासाठी वह्या तिसऱ्याच एका हिशेबनिसाकडे दिल्या. ओळख पटू नये म्हणून व्यवहारांच्या रकमा इथे थोड्या बदलून गोल केल्या आहेत. बाजारातले दर मात्र जसे होते तसेच आहेत.

अडचण

मालकांनी स्वतः आधी हिशेब केला होता. सेंट्रल बँक ऑफ नायजेरिया रोज जी दरांची यादी लावते तीत युआनचीही ओळ असते. ती यादी उतरवून घेऊन त्यांनी प्रत्येक रकमेला त्या दिवसाचा दर लावला. उत्तर आले ८०.४० लाख युआन. ग्वांगझूच्या वहीत जमा होते ६१.२० लाख. तफावत १९.२० लाख युआन, म्हणजे मार्च २०२४ मधल्या २०० च्या आसपासच्या दराने ३८ कोटी नायरांहून जास्त. एवढ्या रकमेवरून नाती तुटतात, आणि तेव्हा ती तुटायच्या बेतात होतीच.

मालकांची बाजू लटकी नव्हती. त्यांच्याकडे तीन कागद होते आणि तिन्ही खरे होते. एक, मध्यवर्ती बँकेची यादी. दुसरा, दर कंटेनरमागे जकात भरताना मिळालेली कागदपत्रे, ज्यांवर सरकारी विनिमय दर छापलेला असतो. तिसरा, एप्रिल २०१८ मधल्या करारावरचे वर्तमानपत्रातले कात्रण. त्या करारात चीनची मध्यवर्ती बँक आणि नायजेरियाची मध्यवर्ती बँक यांनी १,५०० कोटी युआन आणि ७२ हजार कोटी नायरा यांची अदलाबदल तीन वर्षांसाठी ठरवली होती. भागाकार केला की एका युआनला ४८ नायरा. दोन देशांच्या बँका ४८ म्हणतात, मग आपल्या माणसाने ५५ का लावले, हा त्यांचा प्रश्न.

तरुणाचे उत्तर एका वाक्यात होते : “ओगा (मालक), त्या दराने मला युआन कुणी दिलेच नाहीत.” पण त्याचा पुरावा फोनमध्ये विखुरलेला होता.

या जोडीचा दर निघतो कसा

नायरा आणि युआन यांचा थेट बाजार सांगण्याजोगा नाही. शांघायच्या चलनबाजारातून रोज सकाळी सव्वानऊला युआनचे मध्य दर जाहीर होतात. त्यांत जून २०१६ पासून दक्षिण आफ्रिकेचा रँड आहे; नायरा नाही. त्यामुळे नायरा–युआनचा कुठलाही ‘ऐतिहासिक दर’ म्हणजे दोन आकड्यांचा भागाकार असतो : डॉलरला किती नायरा, भागिले डॉलरला किती युआन. आपल्याकडे रुपया–युआनचा आकडाही डॉलरवाटेच काढला जातो, पण रुपयाला डॉलरचा एकच भाव असल्याने ते जाणवत नाही. नायराला एकाच दिवशी दोन-तीन भाव होते. अंश कुठला घेतला यावर उत्तर बदलते, आणि तयार तक्ता देणारी संकेतस्थळे अंश कुठला घेतला ते सांगत नाहीत.

छेद त्या मानाने शांत. या सात वर्षांत डॉलर साधारण ६.२५ ते ७.३५ युआन या पट्ट्यात राहिला. तरीही तो विसरून चालत नाही. २०१८ च्या वसंतात लेगोसच्या बाजारात डॉलर ३६० च्या आसपास आणि चीनमध्ये ६.३, म्हणजे युआनला ५७ नायरा. त्याच वर्षी नोव्हेंबरात लेगोसचा डॉलर जवळजवळ तिथेच, पण चीनमध्ये तो ६.९ च्या पुढे गेलेला; युआन ५२ वर. लेगोसला काही घडले नाही आणि तरी माल नऊ टक्के स्वस्त पडला. मालकांच्या वहीत नेमक्या याच महिन्यांत ‘दलालाने चांगला भाव दिला’ असा शेरा आहे. दलालाचा, म्हणजे लेगोसला नायरा घेऊन चीनमध्ये युआन देणाऱ्या मध्यस्थाचा, त्यात काही वाटा नव्हता.

अंशाची गोष्ट लांब आहे. जून २०१६ मध्ये नायरा १९७ वरून मोकळा सोडला, आणि थोड्याच काळात सरकारी दर ३०५ च्या आसपास पुन्हा खिळला. एप्रिल २०१७ मध्ये गुंतवणूकदार आणि निर्यातदारांसाठी वेगळी खिडकी, म्हणजे वेगळा अधिकृत बाजार, उघडली, तिथे भाव ३६० च्या आगेमागे. म्हणजे भागीदारी सुरू झाली त्याच महिन्यात देशात दोन अधिकृत भाव होते आणि तिसरा रस्त्यावरचा. मार्च २०२० मध्ये सरकारी दर ३०७ वरून ३६० वर आणला, त्याच वर्षी पुढे ३८० च्या जवळ. मे २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने ३७९ चा दर यादीतून काढला आणि खिडकीचा ४१० च्या आसपासचा दर घेतला. १४ जून २०२३ ला सगळ्या खिडक्या एक केल्या आणि ४७० च्या जवळचा दर एका दिवसात ६६० च्या पुढे गेला.

शेवटचा धक्का जानेवारी २०२४ चा, आणि तो बहुतेकांनी चुकीचा वाचला. शुक्रवारी २६ तारखेला अधिकृत दर ८९० च्या आसपास बंद झाला. मंगळवारी ३० तारखेला तो १,४८० च्या वर होता. दोन-तीन दिवसांत नायरा एवढा पडला असे मथळे झाले. पण मधल्या काळात बाजार चालवणाऱ्या संस्थेने दिवसाचा दर काढण्याची पद्धतच बदलली होती. रस्त्यावर डॉलर त्याआधीही १,४०० च्या घरात मिळत होता. आकडा उडाला, पण प्रत्यक्ष माल घेणाऱ्याचा खर्च तेवढा उडाला नाही. जुन्या दरांची रांग मांडताना इथे एक सांधा आहे हे लिहून ठेवले नाही, तर जानेवारीच्या व्यवहारांत खोटा नफा आणि फेब्रुवारीच्या व्यवहारांत खोटा तोटा दिसतो.

निर्णयाचा पहिला टप्पा : हा दर या मालाला मिळत होता का?

हिशेबनिसाने आकडेमोडीला हात घालण्याआधी मालाची यादी मागितली. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

जून २०१५ मध्ये मध्यवर्ती बँकेने ४१ प्रकारच्या मालाला परकीय चलन देणे बंद केले होते. त्या यादीत स्वयंपाकघरातली भांडी होती, टेबलावरची भांडी होती, काच आणि काचेच्या वस्तू, प्लास्टिकच्या वस्तूही होत्या. आयातीवर बंदी नव्हती. माल आणायचा तर आणा, पण त्यासाठी बँकेतून किंवा परवानाधारक विनिमय केंद्रातून डॉलर मिळणार नाही. आयातीसाठी भरायचा फॉर्म एम मिळायचा, त्यावर ‘परकीय चलनासाठी वैध नाही’ असा शेरा असायचा. ही अट ऑक्टोबर २०२३ मध्ये उठली, तेव्हा यादी ४३ वर गेली होती.

म्हणजे या दुकानाच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला भागीदारीच्या पहिल्या साडेसहा वर्षांत सरकारी दराचे दार बंद होते. ३०५ चा दर खरा होता, पण तो दुसऱ्यांसाठी. अदलाबदलीच्या करारातले युआन घ्यायलाही बँकेमार्फत फॉर्म एम लागे. ४८ चा आकडाही यांच्या उपयोगाचा नव्हता. मालकांच्या फाइलमध्ये फॉर्म एमच्या प्रती होत्याच. त्यांनीच त्या भरल्या होत्या. तो शेरा त्यांना दर कंटेनरला दिसत होता, फक्त हिशेबाशी त्याचा संबंध त्यांनी लावला नव्हता.

मग जकातीच्या कागदावर सरकारी दर कसा? कारण जकात त्याच दराने मोजली जायची. एकाच आठवड्यात एकाच कंटेनरच्या मालाचे पैसे युआनला ९७ नायरा या भावाने गेले आणि जकातीसाठी त्याच मालाची किंमत ६४ च्या भावाने धरली गेली. दोन्ही आकडे बरोबर, कामे वेगळी. पुढे २०२३ च्या मध्यापासून जकातीचा दर वारंवार बदलू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेने फॉर्म एम उघडल्या दिवशीचा, बाजार बंद होतानाचा दर त्या मालाला शेवटपर्यंत लागू केला, तेव्हा कुठे व्यापाऱ्यांना आधी अंदाज बांधता येऊ लागला.

तोललेले पर्याय

सरकारी दर सगळीकडे : वरच्या कारणाने बाद.

समांतर बाजाराचा, म्हणजे बँकांबाहेरच्या रस्त्यावरच्या बाजाराचा, छापील दर सगळीकडे : हा वास्तवाच्या जवळ. अडचण अशी की ते दर रोज छापणाऱ्या संकेतस्थळाने सप्टेंबर २०२१ मध्ये, मध्यवर्ती बँकेने त्याच्यावर सट्टेबाजीचा ठपका ठेवल्यावर, दर देणे थांबवले. पुढचे आकडे वर्तमानपत्रांतल्या बातम्यांतून वेचावे लागतात आणि एकाच दिवसाचे लेगोस, कानो, अबुजाचे आकडे वेगवेगळे सापडतात. शिवाय तो रोख डॉलरचा भाव. बँक खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशाचा भाव वेगळा असतो, आणि लेगोसचा अबोकी (रस्त्यावरचा चलन-विक्रेता) किंवा दलाल युआनसाठी सरळ ‘आरएमबी’चा (युआनचेच दुसरे नाव) भाव सांगतो, ज्यात त्याची कपात आधीच धरलेली असते.

सगळे नायरा शेवटच्या दिवसाच्या दराने युआनमध्ये : सोपा, आणि सगळ्यात अन्यायाचा. २०१७ चे ५५ चे पैसे २०० ने मोजले तर मालकांनी सुरुवातीला घातलेले भांडवल जवळजवळ पाऊणपट गायब होते.

वर्षाची सरासरी : इथे थोडे थांबू, कारण ही चूक शिकलेले लोकही करतात. समजा एक कोटी नायरा १०० च्या दराने गेले आणि आणखी एक कोटी २०० च्या दराने. दरांची सरासरी १५०. दोन कोटींना १५० ने भागले की १,३३,३३३ युआन. प्रत्यक्षात पहिल्या कोटीचे एक लाख आणि दुसऱ्याचे पन्नास हजार, मिळून दीड लाख युआन मिळाले. खरा सरासरी दर १३३.३३. नायरा ठरावीक रकमेत पाठवला जात असेल तर दरांची साधी सरासरी नेहमी युआन कमी दाखवते, आणि दर जितका हलता तितकी ही खोट मोठी. २०१८ साली ती नगण्य होती. २०२३–२४ मध्ये नव्हती. तरुणाने स्वतःच्या बाजूने केलेल्या पहिल्या आकडेमोडीत नेमकी हीच चूक होती, आणि ती त्याच्या फायद्याची होती. हिशेबनिसाने ती दोघांसमोर दाखवली. त्यानंतर मालकांचा आवाज खाली आला असे तिथे हजर असलेले सांगतात. दोन्हीकडे चूक निघाली की बोलणे सोपे होते.

शेवटचा पर्याय : दर शोधायचाच नाही. ज्या व्यवहाराच्या दोन्ही टोकांचा पुरावा आहे तिथे नायरा भागिले युआन एवढेच करायचे. दर आपोआप उत्तर म्हणून बाहेर पडतो. बाहेरचा दर फक्त ज्यांचा पुरावा हरवला आहे त्यांच्यासाठी. हा पर्याय घेतला.

केलेली कृती

९४ पैकी ६१ व्यवहारांची दोन्ही टोके सापडली : लेगोसच्या बँकेचा खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश आणि ग्वांगझूच्या खात्यात किंवा वीचॅटमध्ये (चीनमधले फोनवरून पैसे देण्याघेण्याचे ॲप) युआन जमा झाल्याची नोंद. २२ चे एकच टोक होते. ११ चे फक्त वहीतले आकडे.

तक्त्यात सात रकाने आखले : नायरा गेल्याची तारीख, नायरा, युआन आल्याची तारीख, युआन, नायरा भागिले युआन, युआन आल्या दिवशीचा डॉलरचा युआनमधला दर, आणि शेवटी पाचवा गुणिले सहावा. हा सातवा रकाना म्हणजे त्या व्यवहारात दडलेला नायरा–डॉलर भाव. हिशेबाला तो लागत नाही, पण चूक पकडतो, कारण नायरा–युआनचा आकडा कुणाला पाठ नसतो. डॉलरचा भाव मात्र लेगोसमध्ये पोरासोरांनाही माहीत असतो. त्या काळच्या बाजारभावापासून चार टक्क्यांहून जास्त लांब गेलेली ओळ लाल करायची असे ठरले.

एक लाल ओळ अशी. जून २०१८, गेले ५० लाख नायरा, आले १९,८०० युआन. दर २५२.५, डॉलर ६.४२ युआन, म्हणजे डॉलरला १,६२१ नायरा. त्या साली बाजारात डॉलर ३६० होता. शोधल्यावर दिसले की दलालाने रक्कम फोडून दिली होती : १९,८०० वीचॅटवर आणि ७०,००० बँकेत दुसऱ्या दिवशी. बेरीज ८९,८००, दर ५५.६८, डॉलरला ३५७. ओळ काळी झाली. अशा फोडलेल्या नऊ रकमा सापडल्या. वीचॅट आणि अलीपेच्या मर्यादांमुळे दलाल असे करतात, आणि वही लिहिणारा पहिली रक्कम लिहून दुसरी विसरतो.

सप्टेंबर २०२२ ची एक ओळ बरोबर निघाली तीही देतो. ७५ लाख नायरा, ७३,५०० युआन, दर १०२.०४, डॉलर तेव्हा सातच्या जवळ, म्हणजे ७१४ नायरा. बाजारभाव ७१० च्या आसपास होता. त्याच दिवशी मध्यवर्ती बँकेच्या यादीप्रमाणे युआन ६२ चा.

उरलेल्या ३३ व्यवहारांसाठी क्रम ठरवून तो आधी दोघांच्या सहीने कागदावर घेतला, मगच आकडे काढले. हे उलट केले असते तर प्रत्येकाने आपल्याला सोयीचा क्रम मागितला असता. क्रम असा : सात दिवसांच्या आत त्यांचाच दुसरा पुरावा असलेला व्यवहार असेल तर त्याचा दर. नसेल तर त्या दिवसाच्या लेगोसच्या समांतर डॉलरभावाला हाँगकाँगच्या युआन दराने भागायचे आणि वर दलालाची कपात, जी त्यांच्याच ६१ व्यवहारांतून साधारण सव्वा टक्का निघाली. हाँगकाँगचा दर अशासाठी की चीनमधला बाजार राष्ट्रीय दिनाच्या आणि नववर्षाच्या सुट्टीत आठवडाभर बंद असतो; त्या दिवसांत तयार तक्ते जुनाच आकडा पुढे ढकलतात.

चारही काळांचा जमाखर्च असा निघाला. दर म्हणजे त्या काळातले एकूण नायरा भागिले एकूण युआन.

| काळ | नायरा | सरकारी दर, युआन | प्रत्यक्ष दर, युआन |
|---|---|---|---|
| एप्रिल २०१७ – फेब्रुवारी २०२० | १४ कोटी | ४६, ३०.४३ लाख | ५४.५, २५.६९ लाख |
| मार्च २०२० – मे २०२१ | ६ कोटी | ५७, १०.५३ लाख | ७०; ८.५७ लाख |
| जून २०२१ – मे २०२३ | १५ कोटी | ६४, २३.४४ लाख | ९७; १५.४६ लाख |
| जून २०२३ – मार्च २०२४ | २० कोटी | १२५; १६.०० लाख | १६५, १२.१२ लाख |
| एकूण | ५५ कोटी | ८०.४० लाख | ६१.८४ लाख |

१९.२० लाखांच्या तफावतीतले १८.५६ लाख चुकीच्या दराचे होते. त्यातलाही सगळ्यात मोठा तुकडा जून २०२१ ते मे २०२३ चा, म्हणजे ज्या काळात सरकारी दर वरवर स्थिर दिसत होता आणि रस्त्यावरचा भाव त्याला मागे टाकून निघून गेला होता तेव्हाचा. तक्ता पाहिल्यावर मालक त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

उरलेले ६४ हजार

वहीत ६१.२० लाख होते. ६४ हजार युआन अजून जुळत नव्हते. एवढ्यावर तोडून टाका असे दोघेही म्हणाले. हिशेबनिसाने नाही म्हटले, आणि ते योग्यच होते, कारण संशय नेमका अशा उरलेल्या रकमेत जिवंत राहतो.

पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ चा. शुक्रवार, ९ फेब्रुवारीला तीन कोटी नायरा गेले. दलालाचा संदेश २०५ चा, म्हणून त्या दराने १,४६,३४१ युआन धरले होते. पण दुसऱ्या दिवशी चिनी नववर्ष. ग्वांगझूचा माणूस गावी, बँका बंद. पैसे २० तारखेला मिळाले आणि तोवर नायरा इतका घसरला होता की दलालाने २४० लावले : १,२५,००० युआन. फरक २१ हजारांचा. फोनच्या जुन्या नोंदींत ती पावती सापडली. ‘भाव बोललेल्या दिवसाचा की पैसे दिलेल्या दिवसाचा’ हे दलालाशी कधी ठरलेच नव्हते. स्थिर काळात ते ठरवायची गरज पडत नाही, आणि मग अशा आठवड्यात सगळी किंमत एकदम मोजावी लागते.

दुसरा तुकडा ऑक्टोबर २०१९ चा. २० लाख नायरा राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीआधी दिले गेले, युआन मिळाले नाहीत म्हणून दलालाने नायराच रोख परत केले. रोख दुकानाच्या गल्ल्यात गेली. भागीदारीच्या वहीत परत आल्याची नोंद झाली नाही. ५१ च्या दराने ३९ हजार युआन. मालकांनी दुकानाची रोजकीर्द काढून स्वतःच हे दाखवले.

राहिले चार हजार. ते सोडले.

शेवटची बाकी कुठल्या चलनात?

कारखान्यांकडे आगाऊ म्हणून अडकलेले २,४०,००० युआन उरले होते. निम्मे, म्हणजे १,२०,००० मालकांचे. एप्रिल २०२४ चा मध्य होता. नायरा फेब्रुवारीतल्या तळातून वर आला होता, डॉलर १,१५० च्या आसपास, समांतर बाजारही जवळजवळ तिथेच. मालकांना वाटे नायरा आणखी सुधारेल, म्हणून आजच्या १६० च्या दराने रक्कम नायरात कायम करून दोन हप्त्यांत घ्यावी : ९६ लाख आता, ९६ लाख मे अखेर.

हिशेबनिसाचे म्हणणे वेगळे होते. पैसा युआनमध्ये आहे, देणे युआनमध्येच ठेवा. नायरात कायम केले की दोघांपैकी एकजण नकळत चलनावर पैज लावतो, आणि कुणाची पैज जिंकेल हे त्या दिवशी कुणालाच सांगता येणार नव्हते. बरीच खळखळ झाल्यावर मालक तयार झाले. पहिला हप्ता ६०,००० युआन, त्यांनी हट्टाने नायरात घेतला : ९६ लाख. दुसरा हप्ता मे अखेर. तोवर डॉलर १,४८० च्या वर आणि युआन २०४. त्याच ६०,००० युआनचे १,२२,४०,००० नायरा झाले असते.

झाले असते, कारण दुसऱ्या हप्त्यात नायरा आलाच नाही. मालकांनी स्वतःसाठी चाओझोउच्या कारखान्याला नवी ऑर्डर दिली होती. तरुणाने ६०,००० युआन तिथेच त्यांच्या नावावर जमा केले आणि कारखान्याची पावती पाठवली. ना दर, ना दलाल, ना कपात.

वेगळे काय करता आले असते

पहिला हप्ताही तसाच देता आला असता. एप्रिलमध्ये ऑर्डर तयार नव्हती, पण कारखान्याकडे आगाऊ ठेवून चालले असते.

सुरुवातीलाच वहीत दोन रकाने वाढवले असते तर हा वाद उभाच राहिला नसता : युआन मिळाल्याची तारीख आणि मिळालेले युआन, दोन्ही लेगोसच्या वहीत, त्याच दिवशी. फोन बदलताना जुन्या नोंदी जातात. ज्या ११ व्यवहारांचे काहीच सापडले नाही त्यांतले बहुतेक एकाच हरवलेल्या फोनवरचे होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ४३ वस्तूंवरची अट उठल्यावर बँकेमार्फत पैसे पाठवण्याची वाट मोकळी झाली होती. बँकांकडे डॉलर तुटपुंजे होते हे खरे, तरी अर्ज करून पाहायला हवा होता. दोघे सवयीने दलालाकडेच जात राहिले. त्या वाटेची जोखीम दराहून मोठी आहे : नायजेरियाच्या कायद्याला परवानाधारकांबाहेरचा चलनव्यवहार मान्य नाही, आणि चीनमध्ये अनोळखी खात्यांतून आलेल्या पैशामुळे खाती गोठल्याचे प्रकार यिवूच्या व्यापाऱ्यांनी भोगले आहेत. या दोघांचे खाते गोठले नाही. गोठले असते तर वरचा एकही आकडा कामाचा राहिला नसता.

हिशेबनिसाकडूनही एक गोष्ट राहिली. समांतर बाजाराचे जे भाव त्याने वर्तमानपत्रांतून वेचले, त्यांत खरेदीचा कुठला आणि विक्रीचा कुठला याची नोंद त्याने पहिल्या फेरीत ठेवली नव्हती. शांत दिवसांत हा फरक तीन-चार नायरांचा असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो याच्या कितीतरी पट होता. दुसऱ्या फेरीत सात ओळी बदलाव्या लागल्या. पाठवणाऱ्याला डॉलर विकत घ्यावा लागतो, म्हणून लागू पडतो तो दलालाचा विक्री भाव.

मालकांच्या फाइलमध्ये ४८ च्या कराराचे कात्रण अजून आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही मध्यवर्ती बँकांनी तोच करार पुन्हा तीन वर्षांसाठी केला. युआन तेवढेच, १,५०० कोटी. नायरा ३.२८ लाख कोटी. युआनला २१८ च्या पुढे. ते दुसरे कात्रण त्यांनी पहिल्याशेजारी लावले आहे.